कानाबो: जपानी योद्ध्यांचा लोखंडजडित सोटा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी भाषा शिकायला लागलो तेव्हा पहिल्या काही म्हणींमध्येच 'ओनी नि कानाबो' ही म्हण भेटली. ओनी म्हणजे राक्षस, हे लगेच कळलं. कानाबो म्हणजे काय, ते शोधता शोधता बरीच वर्षं गेली आणि अजून मन भरलेलं नाही. तालमीतली मुलं, भाषेच्या वर्गातले सोबती, जपानी कार्टून आणि व्हिडिओ गेम यांच्या वेडानं माझ्याकडे आलेली भाचरं, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र करतो आहे.

कानाबो म्हणजे नेमकं काय?

दोन्ही हातांनी धरून फिरवायचा लांब, जड सोटा. मुठीकडे निमुळता आणि टोकाकडे जाडजूड. मारायच्या भागावर लोखंडी पट्ट्या आणि बोथट खिळ्यांच्या रांगा. कोकणातल्या जुन्या पेट्यांवर पितळी फुल्या ठोकलेल्या असतात ना, तशा रांगा डोळ्यांसमोर आणा. फक्त फुल्या लोखंडाच्या, उंच आणि ओबडधोबड. मुठीच्या शेवटी बहुधा एक कडं किंवा गोळा असतो, म्हणजे घामेजल्या हातातून सोटा निसटत नाही.

चित्रांत आणि गेममध्ये दिसतो तो अणकुचीदार काट्यांचा राक्षसी खांब म्हणजे कानाबोचं अतिशयोक्त रूप. खऱ्या कानाबोचे खिळे टोचण्यासाठी नव्हते. लांब काटा समोरच्याच्या चिलखतात रुतला की शस्त्र अडकतं, आणि शस्त्र अडकलेला माणूस लढाईत फार वेळ टिकत नाही.

कानाबो, तेत्सुबो, कानासाइबो ही वेगवेगळी शस्त्रं आहेत का?

'बो' म्हणजे दांडा. 'काने' म्हणजे धातू, जोडशब्दात त्याचं 'काना' होतं. 'तेत्सु' म्हणजे लोखंड. 'कानासाइबो' हे जुन्या युद्धकथांमध्ये येणारं नाव. संग्राहक आणि अभ्यासक या नावांत बारीक भेद करतात, पण जुन्या काळी नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली गेली. नावावरून शस्त्राचा आकार ठरवायला गेलात तर फसाल.

एक गंमत मात्र जरूर लक्षात ठेवा. आजच्या जपानमध्ये कुणाला 'तेत्सुबो' म्हणालात तर त्याच्या डोळ्यांसमोर सामुराई येणार नाही. शाळेच्या मैदानावरचा, मुलं लोंबकळतात आणि उलट्या कोलांट्या मारतात तो आडवा बार येईल. जिम्नॅस्टिक्समधल्या त्या प्रकाराचंही हेच नाव. टोकियो ऑलिंपिकमध्ये दाइकी हाशिमोतोनं सुवर्णपदक मिळवलं तेही तेत्सुबोवरच. युद्धातल्या सोट्यासाठी 'कानाबो' हाच शब्द वापरलेला बरा.

उच्चार 'का-ना-बोऽ' असा. शेवटचा 'बो' लांबवायचा.

तो अख्खा लोखंडाचा असायचा का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही सगळ्यात जास्त इथेच आहे.

साधा हिशेब करून बघू. दीड मीटर लांब, सरासरी चार सेंटिमीटर जाड असा गोल दांडा धरा. त्याचं घनफळ साधारण १,८८५ घन सेंटिमीटर भरतं. तो भरीव लोखंडाचा केला तर वजन जवळपास १५ किलो. एवढा दांडा माणूस उचलेल, एकदा आपटेलही, पण दुसऱ्या फटक्याआधी समोरचा भालेकरी त्याचं काम उरकून मोकळा होईल. तोच दांडा कठीण लाकडाचा केला तर वजन दीड-पावणेदोन किलो. त्याच्या वरच्या निम्म्या भागावर तीन मिलिमीटर जाडीच्या, दोन सेंटिमीटर रुंद अशा चार पट्ट्या ठोकल्या तर आणखी दीड किलो. खिळे, कडी आणि बुडाची टोपी धरून सगळं मिळून साडेतीन किलोच्या आसपास. हे वजन तयार अंगाचा माणूस लढाईत वापरू शकतो. तुलनेसाठी सांगतो, जपानी तलवार म्हणजे कताना साधारण एक-सव्वा किलोची असते.

त्यामुळे सुरुवातीचा कानाबो लाकडाचा आणि त्याला लोखंडाचं कवच. लाकूड ओकच्या कुळातल्या सदाहरित झाडाचं, जपानीत त्याला 'काशी' म्हणतात. आपल्या काशीशी त्या नावाचा काही संबंध नाही. हे लाकूड चिवट असतं, धक्का पितं आणि सहसा फुटत नाही. आजही लाकडी सरावतलवारी याच लाकडाच्या करतात. पुढे भरीव लोखंडाचेही कानाबो झाले, पण ते सडपातळ किंवा आखूड असावे लागतात, आणि कारण वरच्या हिशेबात आलंच आहे.

लाकडाचा आणखी एक फायदा. लोखंडाच्या सळईनं दगडावर जोरात मारून बघा, हाताला झिणझिण्या येतात. लाकूड तो धक्का वाटेत बराचसा खाऊन टाकतं.

आठ कडा कशासाठी?

कानाबोचा दांडा बहुधा अष्टकोनी असायचा. गोल दांडा समोरच्याच्या शिरस्त्राणावरून घसरू शकतो. अष्टकोनी दांड्याची कड जिथे बसते तिथे सगळा जोर एका अरुंद रेषेत उतरतो. खिळ्यांचे माथेही तेच काम करतात, साडेतीन किलोचा फटका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान जागेत उतरवतात. शिवाय सपाट बाजूंवर पट्ट्या नीट बसतात. गोल लाकडावर सरळ पट्टी ठोकायची म्हटलं तर लोहाराला ती आधी पन्हाळीसारखी वाकवावी लागेल.

मुठीचा भाग मात्र गोल करून घ्यायचे. कडा तळहाताला कापतात म्हणून. हे मी अंदाजानं सांगत नाही, पुढच्याच प्रश्नातल्या जुन्या वर्णनात ते स्पष्ट आलेलं आहे.

हे शस्त्र कोणत्या काळातलं, आणि वापरायचं कोण?

कामाकुरा काळाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या नानबोकुचो काळात, म्हणजे ढोबळमानानं चौदाव्या शतकात, कानाबो ठळकपणे दिसू लागतो. नानबोकुचो म्हणजे 'दक्षिण आणि उत्तर दरबार'. १३३६ ते १३९२ या काळात जपानमध्ये दोन सम्राट, दोन दरबार आणि त्यांच्यातली लढाई चालू होती. आधीच्या सामुराईची खरी ओळख घोड्यावरून बाण सोडणारा अशी होती. या काळात पायी लढाई, शहरातली गल्लीबोळांतली लढाई, डोंगरी किल्ल्यांचे वेढे वाढले. त्याबरोबर शस्त्रंही अवाढव्य झाली. माणसाएवढ्या लांब तलवारी, मोठाले परशू आणि हे सोटे.

'ताइहेइकी' ही त्या काळाची ४० भागांची युद्धकथा. तिच्यात १३३३ च्या क्योटोमधल्या लढाईचं वर्णन आहे. त्यात एक थोराड योद्धा पुढे येतो. उंची सात शाकू, दोन्हीकडे फाकलेली दाढी, डोळे वर ताणलेले. साखळीच्या चिलखतावर दुसरं चिलखत चढवलेलं, कमरेला पाच शाकूंहून लांब तलवार. हातात आठ शाकूंहून लांब अष्टकोनी कानासाइबो, त्याचा मुठीकडचा दोन शाकूंचा भाग गोल घासलेला. आणि तो हे सगळं अगदी हलकं असल्यासारखं मिरवतो आहे.

एक शाकू म्हणजे साधारण ३०.३ सेंटिमीटर. सात शाकू म्हणजे सात फूट उंच माणूस, आठ शाकू म्हणजे जवळजवळ अडीच मीटरचा सोटा. युद्धकथाकार वीराची उंची वाढवून सांगणारच, आपले पोवाडेही तेच करतात. पण मूठ दोन शाकू गोल केली होती, हा तपशील कुणी उगाच रचत नाही. ज्यानं असा सोटा जवळून पाहिला त्यालाच तो सुचतो. दोन शाकू म्हणजे साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन हात एकमेकांपासून लांब ठेवून धरायला पुरेशी जागा. मला त्या संपूर्ण वर्णनातलं हेच वाक्य सगळ्यात जास्त आवडतं.

यावरून हेही कळतं की कानाबो हे सर्वसाधारण सैनिकाचं शस्त्र नव्हतं. ते ताकदीनं नाव कमावलेल्या माणसाचं शस्त्र होतं. सैन्यात असा एखाददुसराच असायचा आणि त्याला दोन्ही बाजू ओळखायच्या.

जगातली उत्तम तलवार हाताशी असताना सोटा कशाला?

कारण समोरचाही चिलखतातच असायचा. जपानी चिलखत चामड्याच्या आणि लोखंडाच्या लहान पट्ट्यांचं. पट्ट्यांवर लाखेसारखा रोगणाचा थर आणि त्या रंगीत दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या. तलवारीचा वार अशा पट्ट्यांवरून घसरतो. तलवारबाजाला काख, मान, मांडीची आतली बाजू अशा उघड्या फटी शोधाव्या लागतात. सोटेवाल्याला फटी शोधाव्या लागत नाहीत. चिलखत फुटलं नाही तरी आतलं हाड मोडतं. शिरस्त्राण शाबूत राहिलं तरी आतला माणूस कोसळतो.

घोड्याचे पाय हे दुसरं लक्ष्य. घोडा खाली आला की स्वारही खाली येतो, आणि चिलखतासकट पडलेल्या माणसाला पटकन उठता येत नाही.

शिवाय सोट्याला धार लावावी लागत नाही आणि दहा फटक्यांनी तो बोथटही होत नाही. तलवारीची धार कठीण असते, म्हणूनच ती ठिसूळही असते. लोखंडी पट्ट्यांवर आपटली की टवका उडतो. कानाबोसमोर तलवार आडवी धरणं हा वेडेपणाच.

मग सगळे सामुराई कानाबोच का नाही वापरत?

चुकला तर संपलं, म्हणून. याचं नीट उत्तर मला वाचून मिळालं नाही, हातानं फिरवून मिळालं.

काही वर्षांपूर्वी मी बाभळीचा पाच फुटी दांडा सुताराकडून वाकसानं ताशून अष्टकोनी करून घेतला आणि मूठ रंध्यानं गोल केली. मग गावाकडच्या लोहारानं त्यावर पट्ट्या रिबीट केल्या आणि बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतात तशा तीन कड्या तापवून बसवल्या. पाणी ओतल्यावर कडी आवळताना लाकडानं केलेला करकर आवाज अजून कानात आहे. वजन भरलं तीन किलो सहाशे ग्रॅम. वर काढलेला हिशेब त्या दिवशी पडताळून झाला.

तालमीत मी करेल, म्हणजे व्यायामाचा जड लाकडी मुद्गल, फिरवतो, त्यामुळे वाटलं होतं की हे सहज जमेल. पहिल्या दिवशी तुळईला टांगलेल्या भुशाच्या पोत्यावर मारलं ते ठीक. मग पोतं हुकलं. सोटा थांबेना. वजन सगळं टोकाला, त्यामुळे तो मला ओढत अर्धा फेरा फिरवून घेऊन गेला आणि माझी पाठ पोत्याकडे झाली. समोर खरा माणूस असता तर तिथेच निकाल लागला असता. कंबर मात्र आठवडाभर दुखली.

वस्ताद हे सगळं बघत होते. त्यांनी कानाबो कधी पाहिलेला नव्हता, पण दुसऱ्या मिनिटाला दुखणं ओळखलं. त्यांचं म्हणणं असं, की हातानं मारू नको, कमरेतून सोड, आणि अडवू नको. गेलेला फटका अडवायचा नाही, त्याला डोक्यावरून वळवून पुढच्या फटक्यात घ्यायचा. करेल पाठीमागून फिरवताना जे करतो तेच. हात लांब-जवळ सरकवायचे, जवळच्या माणसासाठी मागचा हात पुढे आणायचा आणि बुडानं ठोसा द्यायचा.

महिनाभरानं जरा जमायला लागलं. जुन्या ट्रॅक्टरच्या टायरवर नीट बसलेल्या फटक्याची खूण अजून त्या रबरात आहे. खिळ्याच्या माथ्यांचे तीन खळगे, अगदी एका ओळीत. ते खळगे बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. लाकूड-लोखंडाचा हिशेब करत असताना हे माणसाच्या अंगावर चालवायचं हत्यार आहे, हे आपण विसरतो.

तर उत्तर असं: कानाबोला नुसती ताकद पुरत नाही. तोल लागतो, दम लागतो आणि अंतराचा अचूक अंदाज लागतो. इतकं सगळं एका माणसात क्वचितच एकत्र येतं.

रणांगणावरून तो गेला कसा?

भाल्यांच्या रांगांनी आणि बंदुकांनी त्याला मागे टाकलं. पंधराव्या-सोळाव्या शतकात सैन्यं मोठी झाली. लांब भाले घेतलेले पायदळातले साधे सैनिक खांद्याला खांदा लावून उभे राहू लागले. सोटा फिरवायला मोकळी जागा लागते, रांगेत ती मिळत नाही. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज माणसं बंदुका घेऊन उतरली आणि काही वर्षांतच जपानी कारागीर स्वतः बंदुका घडवू लागले.

या वळणावर आपला गोवा थोडासा येऊन जातो. पूर्वेकडच्या पोर्तुगीज कारभाराचं ठाणं तेच होतं. सत्सुमा प्रांतातून पळून आलेला आन्जिरो नावाचा जपानी माणूस १५४८ मध्ये गोव्यातच ख्रिस्ती झाला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरबरोबर जपानला परतला. तो कागोशिमाला उतरला तेव्हा तिकडे युद्धाची तऱ्हाच बदलत चालली होती.

ओनीच्या हातात हा सोटा आला कुठून?

याचं उत्तर शोधताना मी फिरून आपल्याच अंगणात आलो.

९८५ मध्ये तेंदाई या बौद्ध पंथाच्या गेन्शिन या भिक्षूनं 'ओजोयोशू' हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात नरकांचं सविस्तर वर्णन आहे. आठ मोठ्या नरकांपैकी पहिल्याला जपानीत 'तोकात्सु' म्हणतात. तो म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला संजीव नरक. तिथले रखवालदार लोखंडी दंड आणि लोखंडी सोटे घेऊन पाप्यांना डोक्यापासून पायापर्यंत ठेचतात, देहाची वाळू होते. मग गार वारा सुटतो आणि ते पुन्हा जिवंत होतात. आणि पुन्हा तेच. 'संजीव' नावाचा अर्थच तो.

नरकाचा अधिपती एन्मा, म्हणजे यम. त्याचे बैलाच्या आणि घोड्याच्या तोंडाचे सेवक चीनमार्गे जपानला पोचले. गरुडपुराणाचं वाचन ऐकलेल्या कुणालाही पाश आणि मुद्गर घेतलेले यमदूत ठाऊक असतात. बौद्ध ग्रंथांबरोबर तेच दंडधारी रखवालदार भारतातून चीन, कोरिया असा प्रवास करत जपानला गेले. बाराव्या शतकाच्या अखेरची नरकांची चित्रपट्टी, 'जिगोकु-झोशी', आजही टोकियो आणि नारा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे.

म्हणजे राक्षसाच्या हातात लोखंडी सोटा आधी होता. रणांगणावर खिळ्यांचा, पट्ट्यांचा सोटा पुढे गाजू लागला, आणि मग चित्रकारांनी नरकातल्या साध्या दंडाला रणांगणातल्या सोट्याचं रूप दिलं, असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे, पण काळाचा क्रम त्याच्या बाजूनं आहे.

ओनीच्या डोक्यावर बैलाची शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं असतं. त्याचं रूढ स्पष्टीकरण असं, की अशुभ समजली जाणारी ईशान्य दिशा जपानी दिशाचक्रात बैल आणि वाघ यांच्या मध्ये येते. आपल्याकडे ईशान्येला देवघर, तिकडे ईशान्येकडून राक्षस.

प्रत्येक ओनीकडे कानाबो असतोच का?

नाही. क्योटोच्या रोझान-जी मंदिरात सेत्सुबुनला तीन ओनी नाचत येतात. लाल ओनीच्या हातात मशाल आणि तलवार, निळ्याच्या हातात मोठा परशू, काळ्याच्या हातात मोठा हातोडा. कानाबो एकाकडेही नाही. सेत्सुबुन हा वसंताच्या आदल्या दिवसाचा सण, बहुतेक वर्षी ३ फेब्रुवारीला येतो. घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकून 'ओनी बाहेर, भाग्य आत' असं म्हणतात.

'ओनी नि कानाबो' ही म्हण कशी वापरायची?

शब्दशः 'ओनीला कानाबो'. आधीच बलवान असलेल्याला आणखी बळ मिळालं, असा अर्थ. चांगल्या संघाला चांगला प्रशिक्षक मिळाला, हुशार माणूस परदेशी भाषाही शिकला, की म्हणतात: ओनी नि कानाबो. एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, इरोहा-कारुता या म्हणींच्या पत्त्यांमध्ये तिचा एक पत्ता आहे, त्यामुळे ती लहानपणीच कानावर पडते.

वर्गात आम्ही मराठी प्रतिशब्द शोधत होतो. कुणी म्हणालं, 'आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला'. रचना जुळते, पण भाव उलटा. मर्कटाच्या म्हणीत वैताग आहे, ओनीच्या म्हणीत कौतुक. 'दुधात साखर' जवळची, पण तिच्यात गोडवा आहे, दरारा नाही. मला अजून नेमका शब्द सापडलेला नाही.

कानाबोच्या घरातले आणखी दोन शब्द सांगतो. मजबुतीसाठी आत घातलेल्या धातूच्या पट्टीला 'सुजिगाने' म्हणतात. 'सुजिगाने घातलेला' माणूस म्हणजे पक्का, कसलेला, डगमगत नाही असा. दुसरा शब्द 'कानाबो-हिकी', म्हणजे कानाबो ओढत नेणारा. एदो काळात रात्रीचे पहारेकरी माथ्याला कड्या लावलेली लोखंडी काठी जमिनीवर आपटत, खळखळ वाजवत फिरायचे. त्यावरून, ऐकलेली प्रत्येक गोष्ट गावभर वाजवत फिरणाऱ्या माणसाला कानाबो-हिकी म्हणू लागले. आपल्या 'गावभर डांगोरा पिटणे' मध्ये हीच कल्पना आहे, फक्त वाद्य वेगळं. टोकियोच्या जुन्या भागांतल्या उत्सवांत मिरवणुकीपुढे चालणाऱ्या तेकोमाइ वेशातल्या बायकांच्या हातात ही कड्यांची काठी आजही असते. ही काठी आणि लढाईतला सोटा यांचं नाव एक असलं तरी वस्तू वेगळ्या आहेत, गल्लत करू नका.

आपली गदा आणि कानाबो एकच म्हणायचे का?

गदेला दांडा आणि त्याच्या टोकाला वेगळा गोळा. कानाबोचा दांडा हाच सोटा, मुठीपासून हळूहळू जाड होत गेलेला. गुर्ज हे आपल्याकडचं धातूच्या डोक्याचं शस्त्र, पण ते बहुधा एकहाती आणि आखूड. माझ्या मते सगळ्यात जवळची आपली लोहांगी, लोखंडी कड्या घातलेली ती काठी. लाकडाला लोखंडाचं बळ द्यायचं, ही दोन्हीकडे एकच बुद्धी.

बेन्केईकडे कानाबो होता का?

बाराव्या शतकातला सेनापती योशित्सुने याचा निष्ठावंत सोबती, ११८९ मध्ये कोरोमोगावाला मालकाचं रक्षण करताना उभ्या-उभ्या मेला अशी ज्याची कथा सांगतात, तो हा योद्धा-भिक्षू. त्याचं खरं शस्त्र नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं वाकडं पातं. नंतरच्या कथांनी त्याच्या पाठीवर सात हत्यारं चढवली. त्या सातांच्या काही याद्यांत लोखंडी सोटाही आहे.

आज ही विद्या शिकता येते का?

तलवार, काठी आणि भाला यांच्या जुन्या परंपरा जपानमध्ये जिवंत आहेत. कानाबोची तशी सर्वत्र पसरलेली परंपरा नाही. त्याची छाया मात्र दिसते. जिकिशिनकागे-र्यू या तलवारविद्येत 'फुरिबो' नावाचा जड लाकडी दांडा अंग घडवण्यासाठी फिरवतात. महाराष्ट्रात असाल तर जोडी आणि करेल फिरवणाऱ्या तालमीत जा. खांदा, कंबर आणि श्वास यांची तयारी तिथे होते, आणि कानाबोला तीच लागते.

बघायला कुठे मिळेल?

जपानला जाणार असाल तर होक्काइदोमधलं नोबोरिबेत्सु हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव बघा. तिथल्या वाफाळत्या दरीला 'नरकदरी' असंच नाव आहे आणि गावात कानाबो घेतलेले ओनींचे पुतळे उभे आहेत. क्योटो प्रांतात ओए पर्वताजवळ फक्त ओनींना वाहिलेलं संग्रहालय आहे. शुतेन-दोजी या ओनींच्या सरदाराची कथा त्याच डोंगरातली. खरे जुने सोटे संग्रहालयांत तलवारींच्या मानानं फारच कमी दिसतात. तलवार घराण्याचा वारसा म्हणून पिढ्यानपिढ्या तेल लावून जपली गेली. सोट्याला तो मान मिळाला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुणेकरांसाठी एक जवळचा धागा आहे. सिंहगड रस्त्यावरची पुणे-ओकायामा मैत्री बाग, म्हणजेच पु. ल. देशपांडे उद्यान, ज्या ओकायामाच्या कोराकु-एन बागेच्या धर्तीवर केली आहे, ते शहर स्वतःला मोमोतारोचं गाव मानतं. पीच फळातून जन्मलेला हा मुलगा कुत्रा, माकड आणि फेझंट हा रानपक्षी यांना घेऊन ओनींच्या बेटावर चालून जातो. ओकायामा स्टेशनसमोर त्याचा पुतळा आहे. बागेत ओनी नाही, पण मुलांना पुलावर बसवून ही गोष्ट सांगायला याहून चांगली जागा पुण्यात मला माहीत नाही.

मुलांना खेळायला कानाबो हवा आहे. काय करू?

खरा करू नका. खिळे तर नकोतच. कापडाच्या ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची नळी आणा, किंवा वर्तमानपत्राची जाड गुंडाळी करा. एका टोकाला आणखी चार थर चढवले की निमुळता आकार येतो. काळा कागद चिकटवा आणि खिळ्यांच्या जागी चंदेरी कागदाचे गोळे लावा. मूठ लाल दोरीनं गुंडाळा. जपानमध्येही सेत्सुबुनला बालवाड्यांतली मुलं असे कागदी मुखवटे आणि सोटे करतात. माझ्या भाचीनं केलेल्या सोट्याला अठ्ठावीस खिळे आहेत, तिनं ते मोजून एका ओळीत लावले आहेत. मूठ तिनं गोल ठेवली, न सांगता.